‘तठे मानूस शे!’

एके काळी दिवाळी अंक उघडला की त्यात एखादी भुताची गोष्ट, नवरा-बायकोच्या भांडणावरचा एखादा विनोदी लेख आणि एक शिकारकथा हमखास असे. आमच्या घरी अंक आला की तो आधी वडिलांच्या हाती जाई, मग आईच्या. आम्हां मुलांच्या वाट्याला येईपर्यंत त्यावर चकलीच्या तेलाचे डाग पडलेले असत. ते डाग चुकवीत आम्ही वाघ कुठे आहे ते शोधीत असू. त्या कथांत एक शिकारी असे, एक जनावर असे आणि मध्ये नुसती भयाण शांतता असे. तिसरे कोणी नसे. असलाच तर एखादा भिल्ल, ‘साहेब, वाघ!’ एवढे बोलून कथेतून नाहीसा होणारा.

प्रत्यक्षात रान एवढे रिकामे कधीच नसते. तिथे गुरे घेऊन आलेली पोरे असतात, डिंक वेचणाऱ्या बाया असतात, मोळी तोडणारा असतो, वाट चुकलेला असतो. हाका असला तर तीस-चाळीस माणसे असतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दुसरा शिकारी असतो, ज्याच्या हाती तुमच्यासारखीच भरलेली बंदूक असते आणि मनात तुमच्यासारखीच घाई असते. या लेखात मी त्या गर्दीविषयी लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हे सारे जुने आहे. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारेही बंद केली. हौसेखातर सांबरावर बंदूक रोखणे हा आज गुन्हा आहे, आणि तसा तो आहे हे उत्तम आहे. तेव्हा हे वाचून कोणी आजोबांची दुनळी फडताळातून काढू नये.

माझे आजोळ शिंदखेड्याचे. भुसावळला गाडी बदलून ताप्ती व्हॅलीच्या पॅसेंजरमध्ये बसायचे आणि कोळशाच्या धुराने काळे होऊन शिंदखेड्याला उतरायचे, हा आमचा सुटीतला ठरलेला प्रवास. मामांची शेती होती, थोडी वकिली होती आणि शिकारीचा नाद पुष्कळ होता. नाद असून माणूस अतिशय भित्रा, असे त्यांचे मित्र म्हणत. मामा जनावराला भीत नसत. ते भीत बंदुकीला. विशेषतः दुसऱ्याच्या हातातल्या.

1961 सालच्या डिसेंबरात मामांनी मला पहिल्यांदा बरोबर नेले. मी पंधरा वर्षांचा होतो. निघण्याच्या आदल्या रात्री मामीने वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, आणि जेवण झाल्यावर मामांनी ओट्यावर बसवून माझी शाळा घेतली. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजायचे, मग ती स्वतः रिकामी केलेली का असेना. नाला, कुंपण किंवा झाड चढायचे झाले तर आधी नळ्या मोडून काडतुसे काढायची. बंदूक दुसऱ्याच्या हाती देताना उघडून, आतून उजेड दाखवून द्यायची. बोट चापावर ठेवायचे ते जनावर पुरते ओळखल्यावरच. नुसते ‘काहीतरी हलले’ म्हणून नाही. आणि जनावराच्या पुढे काय आहे यापेक्षा मागे काय आहे हे आधी पाहायचे. शेवटचे वाक्य त्यांनी तीनदा म्हणून घेतले. साध्या पॉइंट बावीसच्या टीचभर गोळीसुद्धा मैलभर पलीकडे जाऊन माणूस लोळवू शकते, हे मला त्या रात्री प्रथम कळले. मामी आतून म्हणाली, ‘‘अहो, मुलगा झोपेने पेंगतोय.’’ मामा म्हणाले, ‘‘पेंगू दे. उद्या पेंगायचा नाही.’’

त्या काळच्या कायद्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण शिष्टाचाराची अर्धी जबाबदारी तोच उचलीत असे. मुंबई राज्याने 1951 साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता आणि शिकारीला परवाना लागे. राखीव जंगलाचे शिकारीसाठी तुकडे पाडलेले असत. त्यांना सर्वजण ‘ब्लॉक’च म्हणत. एका वेळी एका ब्लॉकमध्ये एकच तुकडी, ठरावीक दिवस, ठरावीक जनावरे. मादी मारायची नाही, शिंगे न आलेला नर मारायचा नाही. लोकांना वाटे, जनावरे वाचावीत म्हणून ही सारी कटकट. ते खरेच होते. पण एका ब्लॉकात एकच तुकडी हा नियम माणसे वाचावीत म्हणूनही होता. दोन तुकड्यांनी एकमेकींना न कळवता एकाच डोंगरावर माग काढणे, यापेक्षा धोक्याचे रानात दुसरे काही नाही.

आमचा ब्लॉक तापीपलीकडे, शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी होता. आता ते रान पुष्कळ विरळ झाले आहे. तेव्हा साग, धावडा, अंजन, सालई अशी झाडी होती, नाल्यांच्या काठाने करवंदीच्या जाळ्या होत्या आणि परवान्यात आम्हांला एक सांबर होते.

सांबर हे आपल्याकडचे सर्वांत मोठे हरीण. पुरता वाढलेला नर अडीचशे किलोंच्या घरात जातो. रंग भुरकट, वाळल्या गवतात आणि सागाच्या पाचोळ्यात सहज मिसळणारा. नजर बेताचीच, पण नाक आणि कान असे की शिकाऱ्याने लाजावे. ते रात्री चरते आणि दिवस उगवताना दाट झाडीत परतते. तेव्हा त्याला गाठायचे तर पहाटेच्या अर्ध्या उजेडात, पायी, वारा तोंडावर घेऊन, दबत दबत जायचे. मामांची बंदूक बारा बोअरची दुनळी, तिच्यात ठोस गोळी. म्हणजे साठ-सत्तर पावलांच्या आत पोचल्याशिवाय उपयोग नाही. आता विचार करा. उजेड अर्धा, जनावर भुरकट, शिकारी खाकी कपड्यांत, त्याच्या माग्याच्या अंगावर भुरकटच घोंगडी, आणि सगळे वाकून, आवाज न करता, झाडाआडून झाडाआड चाललेले. जनावराला फसवायला जे जे करायचे, ते सारे दुसऱ्या शिकाऱ्यालाही फसवते. हाच या शिकारीतला पेच.

मामांचा त्यावर साधा उपाय होता. बरोबरच्या प्रत्येकाच्या डोक्याला ते लाल खारव्याची पट्टी बांधायला लावीत. इतर शिकारी हसत. जनावर बुजेल म्हणत. मामांचे म्हणणे, माझ्या पट्टीने आजवर सांबर बुजलेले नाही; बुजते ते माणसाच्या हालचालीने आणि वासाने. त्यांचे बरोबर होते, पण का ते त्यांना ठाऊक नव्हते. हरणाच्या डोळ्याला तांबडा-नारिंगी रंग हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नाही हे शास्त्र आता सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत सांबराचा थोरला भाऊ शोभेल असे एल्क नावाचे हरीण आहे. त्याची शिकार तिथे अजून कायद्याने चालते. कोलोरॅडो राज्यात बंदूक घेऊन एल्कमागे जाणाऱ्याला अंगावर पाचशे चौरस इंच, म्हणजे सुमारे साडेतीन चौरस फूट, झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावे लागते, आणि त्यातच डोक्यावर त्याच रंगाची टोपीही हवी. नाहीतर दंड. मामांची खारव्याची पट्टी त्या मानाने फारच गरीब होती.

तर त्या पहाटे आम्ही तिघे निघालो. पुढे माग्या, मध्ये मामा, मागे मी. माग्या पन्नाशीचा भिल्ल. मामा त्याला ‘बाबा’ म्हणत, तो मामांना ‘दादा’ म्हणे. दव पडले होते, पाचोळा ओला होता, त्यामुळे पाय वाजत नव्हते. तासाभराने एका नाल्याच्या पलीकडच्या चढावर तो दिसला. आधी शिंगे दिसली. ती मी वाळकी फांदी समजलो होतो. मग फांदी वळली.

आम्ही नाला उतरलो, चढलो, आणि जवळजवळ रांगत एका धोंड्यामागे आलो. अंतर साठ पावले. मामांनी काडतुसे भरली, खटका सरकवला, नळी धोंड्यावर टेकवली. माझे काळीज कानांत वाजत होते. इतका वेळ हवा अगदी पडलेली होती. त्या क्षणी वरून, सांबराच्या बाजूने, एक झुळूक आली. सांबराने मान वर केली. ते आमच्याकडे पाहत नव्हते. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि दोन्ही कान पलीकडच्या करवंदीच्या जाळीवर रोखलेले होते. मामांचे बोट चापावर गेले.

माग्याने शांतपणे हात पुढे करून बंदुकीची नळी खाली दाबली. ‘‘दादा, तठे मानूस शे.’’

मामांनी एक शब्द न बोलता खटका मागे घेतला. मला काही दिसत नव्हते. माणूस आहे म्हटल्यावर मला वाटले, उठावे आणि हात हलवावा. तसा मी अर्धवट उठलोही. माग्याने माझी मान धरून मला पाचोळ्यात दाबले. मग धोंड्याआडूनच, डोके वर न काढता, त्याने मोठ्याने हाक दिली, ‘‘कोन शे? आठे मानसे शेत!’’

सांबर ‘ढाँक’ असा जो आवाज काढते तो ज्याने ऐकला आहे त्याला सांगायला नको. सारी दरी दणाणते. एका उडीत ते झाडीत गेले. आणि जाळीमागून खरोखरच एक आवाज आला. भेदरलेला आणि शहरी. मग एक भुरकी घोंगडी उभी राहिली, तिच्या मागे खाकी टोपी, आणि त्या टोपीखाली एक गृहस्थ. त्यांची रायफल अजून खांद्याला होती. तिची नळी सांबर जिथे उभे होते तिथे, म्हणजे नेमकी आमच्यावर, रोखलेली होती. तो आवाज ऐकल्यावरच आमचा माग्या सावकाश उभा राहिला.

आधी आवाज, मग अंग. हा नियम मी त्या दिवशी शिकलो. मुकाट्याने हात हलवणारा माणूस अर्ध्या उजेडात हात हलवणारा दिसत नाही. नुसते काहीतरी हललेले दिसते, आणि बोट चापावर असलेल्या माणसाला तेवढे पुरते. माणसाचा आवाज मात्र कोणत्याही जनावराचा वाटत नाही.

माग्याला कळले कसे? मी नंतर विचारले. तो म्हणाला, झुळकेबरोबर सिगारेटचा वास आला. सांबर सिगारेट ओढत नाही.

यानंतरचा प्रसंग मामा कधी कुणाला सांगत नसत, म्हणून मीच सांगतो. ते गृहस्थ मुंबईचे पाहुणे होते. भीती ओसरताच त्यांना राग आला. आमचे जनावर तुम्ही पळवले, आम्ही तासभर त्याच्या मागावर होतो, आमच्या ब्लॉकात तुम्ही आलातच कसे? मामाही तापले. ब्लॉक आमचा आहे, नाला ओलांडला तो तुम्ही. दोन्हीकडचे परवाने बाहेर निघाले. दोघांकडे दोन जनावरे मारण्याइतकी काडतुसे होती आणि दोघांचाही आवाज चढला होता. मला घरची आठवण येऊ लागली. शेवटी जंगलखात्याच्या गार्डाला मुक्कामावरून बोलावून आणले. त्याने नकाशा पसरला, नाल्यावर बोट ठेवले, मग दुसऱ्या नाल्यावर ठेवले, आणि खाली पाहत मामांना म्हणाला की हद्द अलीकडच्या नाल्याची आहे. आम्ही जो ओलांडला तोच नाला हद्दीचा होता. शंभर-दीडशे पावले आम्ही दुसऱ्याच्या रानात होतो.

मामांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. रात्री ओट्यावर मला तीनदा धडा म्हणायला लावणारा माणूस! त्यांनी सरळ हात जोडले. म्हणाले, चूक माझी. सांबर तुमचे, आता त्याचा माग आम्ही काढणार नाही, ते आमच्या ब्लॉकात आले तरी आजचा दिवस त्याच्यावर बार काढणार नाही. आणि त्या गृहस्थांना त्यांनी आमच्या मुक्कामावर चहाला बोलावले. गृहस्थ आलेही. चहा पिताना त्यांनी आपली सिगारेट आमच्या माग्याला दिली. त्याने ती कानावर ठेवली.

अशा भांडणाची आपल्याकडे फार जुनी कथा आहे. अर्जुन इंद्रकील पर्वतावर तप करीत असता मूक नावाचा दैत्य रानडुकराच्या रूपाने धावून आला. अर्जुनाने धनुष्य उचलले. तेवढ्यात किराताच्या वेषातले शंकर तिथे आले आणि म्हणाले, थांब, नेम मी आधी धरला आहे. अर्जुनाने ऐकले नाही. दोघांचे बाण एकदम लागले, डुक्कर पडले आणि ते कुणाचे यावरून जुंपली. गंमत अशी की महाभारतात अर्जुन उलट किरातालाच सुनावतो की तू मृगयाधर्म मोडलास. म्हणजे शिकारीला धर्म आहे, नियम आहेत, हे दोघांनाही मान्य. मोडले कुणी, एवढाच वाद. अर्जुनाचे दैव चांगले की समोर महादेव होते. समोर मुंबईचे पाहुणे असले तर पाशुपतास्त्र मिळत नाही.

पुढे बंदुकीच्या काळात या वादावर तोडगा ठरला. ज्याच्या गोळीने पहिले रक्त निघाले, जनावर त्याचे. मग शेवटचा बार कुणाचाही असो. दुसऱ्याने नेम धरलेला असताना आपण बार काढायचा नाही. दुसऱ्याने जखमी केलेले जनावर आपल्या पुढ्यात आले तर ते सोडवायचे, म्हणजे त्याचे हाल संपवायचे, पण शिंगे त्याची. जखमी जनावर टाकून घरी जेवायला जाणारा शिकारी पुन्हा कुणाच्या तुकडीत घेतला जात नसे.

पण हे सगळे बंदूकवाल्यांचे आपापसातले शिष्टाचार. त्या रात्री शेकोटीपाशी मी आणखी काही पाहिले. थंडी फार होती. माग्याने बंडी सारून आपला डावा खांदा शेकायला धरला, आणि त्यावर हरभऱ्याएवढ्या तीन गाठी दिसल्या. मी बोट लावून विचारले. तो म्हणाला, छर्रे आहेत. थंडीत दुखतात.

काही वर्षांपूर्वी एका हाक्यात तो हाकाऱ्यांच्या रांगेत होता. हाका म्हणजे काय ते नव्या वाचकांना सांगायला हवे. रानाच्या एका टोकाला झाडांवर मचाणे बांधून बंदूकवाले रांगेने बसतात. दुसऱ्या टोकाकडून हाकारे डबे वाजवीत, ओरडत पुढे येतात आणि जनावर मचाणांकडे ढकलतात. बंदुकींची तोंडे आणि हाकाऱ्यांची तोंडे समोरासमोर, आणि मधले अंतर दर मिनिटाला कमी होत जाते. त्यामुळे नियम कडक. हाकाऱ्यांचा आवाज जवळ आला की पुढच्या बाजूला बार काढायचा नाही. जनावर मचाणांची रांग ओलांडून मागे जाऊ द्यायचे आणि मग मारायचे. शेजारच्या मचाणाच्या रोखाने नळी कधी फिरवायची नाही. हाका संपल्याची शिट्टी होईपर्यंत झाडावरून उतरायचे नाही, मग खाली मेलेला वाघ पडलेला असो की मुंग्या चावोत. खडकाळ जमिनीवर खाली बार काढताना दहा वेळा विचार करायचा, कारण काळ्या पत्थरावर आपटलेली गोळी कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसते. आणि मचाणावर प्यायची वस्तू पाण्याची किंवा चहाची. त्या काळी राज्यात दारूबंदी होती. तरी काही मंडळींच्या थर्मासमध्ये चहाच असे, असे मी शपथेवर सांगणार नाही.

त्या हाक्यात बाहेरगावच्या एका पाहुण्याने करवंदीत काही हलले म्हणून छर्ऱ्याचा बार काढला. हलला तो आमचा माग्या. डॉक्टरांनी बरेच छर्रे काढले, तीन राहिले. पाहुण्यांनी पंधरा रुपये दिले आणि एक धोतरजोडी. मी विचारले, ‘‘मग तुम्ही काय केले?’’ तो म्हणाला, धोतर चांगले होते.

मामा शेकोटीकडे पाहत होते. ती जखम त्यांच्या शिकारीतली नव्हती, पण खारव्याच्या पट्ट्या त्यांनी सुरू केल्या त्या त्यानंतर. हे मला मामीकडून पुढे कळले.

खानदेशच्या शिकारीचा इतिहास लिहिणारे आउट्रमपासून सुरुवात करतात. जेम्स आउट्रम 1825 साली खानदेशात आला, त्याने भिल्लांची पलटण उभी केली, धरणगावला तिचे ठाणे होते, आणि पुढची दहा वर्षे त्याने भिल्लांना बरोबर घेऊन वाघांची अफाट शिकार केली. भिल्लांचा विश्वास त्याने रानात मिळवला असे म्हणतात, कारण तो त्यांच्याबरोबर पायी जाई. त्याच्या शौर्याच्या गोष्टी पुस्तकांतून आहेत. त्याच्या पुढे चालणाऱ्या, वाघाच्या जाळीत पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसांच्या खांद्यांवर काय काय राहिले, ते कुठे लिहिलेले मी वाचलेले नाही.

न पाहता मारलेल्या बाणाच्या कथा तर आपल्या पुराणांत इतक्या आहेत की आपल्या पूर्वजांना हा विषय चांगला ठाऊक असावा असे वाटते. दशरथाने शरयूकाठी रात्री बुडबुड आवाज ऐकला आणि हत्ती पाणी पितो आहे असे समजून शब्दवेधी बाण सोडला. तो श्रावणाचा घडा होता. पंडूने हरीण मारले, ते किंदम ऋषी निघाले. खुद्द श्रीकृष्णाचा अंत जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने झाला, कारण झाडाखाली पहुडलेल्या कृष्णाचे पाऊल त्याला हरणासारखे दिसले. तिघेही नेमबाज उत्तम होते. चुकला तो डोळा, हात नव्हे. दशरथाच्या आवाजावरच्या नेमाचे लहानपणी मला फार कौतुक वाटे. आता वाटते, एवढी एकच विद्या त्याला नसती तर रामायण निराळे झाले असते.

जिम कॉर्बेटला हे पक्के माहीत होते. चारशेहून अधिक माणसे खाल्लेली चंपावतची वाघीण मारायला 1907 साली त्याला बोलावले, तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. एक, सरकारने लावलेले बक्षीस रद्द करावे. दुसरी, वाघिणीच्या मागावर असलेले बाकीचे सारे शिकारी माघारी बोलवावेत. आपण बक्षिसासाठी शिकार करतो असे कुणी म्हणू नये हे एक कारण. आणि दुसऱ्या कुणाच्या गोळीने चुकून मरायची आपली इच्छा नाही हे दुसरे, असे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. वाघिणीच्या मागे एकटा, पायी फिरणारा हा माणूस. त्यालाही भीती होती ती शेजारच्या बंदुकीची.

आणि ही भीती काही जुन्या काळाची नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. त्यांच्या सोबत्यांपैकी हॅरी व्हिटिंग्टन नावाचे 78 वर्षांचे वकील आपण पाडलेला पक्षी शोधायला मागे राहिले आणि परत येताना त्यांनी हाक दिली नाही. पक्षी उडाला, चेनी त्याच्या रोखाने वळले, सूर्य मावळतीला आलेला, आणि बार निघाला तो वकिलांच्या तोंडावर, मानेवर, छातीवर. अंगात नारिंगी जाकीट होते, तरी. एक छर्रा हृदयापर्यंत गेला आणि त्यांना दवाखान्यात हृदयविकाराचा सौम्य झटका आला. सुदैवाने ते वाचले. हाक देणे वकिलांकडून राहिले हे खरे, पण चाप आपण ओढला, दोष आपलाच, असे चेनींनी पुढे कबूल केले. यात मला खटकले ते असे की जिथे अंगरक्षक, डॉक्टर, रुग्णवाहिका सगळे हाताशी होते, तिथेही जी गोष्ट विसरली गेली ती एक हाक होती.

कोलोरॅडोकडचे एल्क-शिकारी यावरून एक गमतीची गोष्ट सांगतात. माजावर आलेला एल्क शीळ घातल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज तोंडाने किंवा पिपाणीने काढून त्याला जवळ बोलावतात. एक शिकारी आवाज काढतो, दरीपलीकडून उत्तर येते. हा पुढे सरकतो, तेही पुढे सरकते. तासाभराने दोघे एका झाडामागून बाहेर पडतात आणि दोघांच्याही हातांत पिपाणी असते. तिथे शहाणपण असे मानतात की पलीकडचा आवाज माणसाचा वाटला की सरळ माणसासारखे ओरडावे. शिकार गेली तर गेली.

मामा 1970 च्या सुमारास शिकार सोडून बसले. पुढे कायदा आला तेव्हा त्यांनी दुनळी मुकाट्याने जमा केली. मी शिकारी झालो नाहीच. मग आता हा विषय का काढला?

गेल्या हिवाळ्यात मी पुष्कळ वर्षांनी शिंदखेड्याला गेलो. मामेभावाची शेती आता त्याचा मुलगा पाहतो. शेतात हरभरा, मका होता, आणि रात्री रानडुकरांचा उपद्रव. एक कळप एका रात्रीत अर्धा एकर झोपवतो. माणसे रात्रभर राखणीला बसतात, डबे वाजवतात, फटाके उडवतात. मला पाहताच हाका आठवला. फरक एवढाच की जनावर कुठे ढकलायचे हे कुणाला माहीत नाही. काही ठिकाणी लोक कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. महाराष्ट्रात अशा तारेला चिकटून डुकरांबरोबर शेतकरी मेल्याच्या, मजूर मेल्याच्या, रात्री मोटार चालू करायला निघालेला शेजारी मेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. बंदुकीच्या मागे निदान एक माणूस असे, त्याची नळी दाबायला एखादा माग्या असे. तारेला डोळा नाही, कानही नाहीत. शब्दवेधी बाणाचीच ही नवी जात. यात तर बाण मारणारा घरी झोपलेला असतो.

आमच्या पोराने तार लावलेली नाही. शेजाऱ्याने लावू म्हटले होते, तेव्हा त्याच्याशी तो भांडला, पुढे दोघांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावल्या. मी हट्ट केला म्हणून एका रात्री तो मला शेतावर घेऊन गेला. चंद्र नव्हता. बांधापाशी येताच त्याने मला दंडाला धरून थांबवले आणि तोंडाने शीळ घातली. पलीकडच्या माळ्यावरून आवाज आला, ‘‘कोन शे?’’

पोराने विजेरी पेटवून आधी स्वतःच्या तोंडावर धरली, मग माझ्या. ‘‘मी शे. पुण्याना आजोबा शेत.’’

‘‘या,’’ माळ्यावरून आवाज आला. मग आम्ही बांध ओलांडला.